बॅटरीच्या बातमीत न छापलेले आकडे

टोयोटाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की सॉलिड-स्टेट बॅटरीची, म्हणजे आत द्रवाऐवजी घन थर असलेल्या बॅटरीची गाडी पुढच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच येईल. २०२१ मध्ये कंपनी म्हणाली, आधी हायब्रिड गाड्यांमध्ये वापरून बघू. २०२३ च्या जूनमध्ये नवी तारीख आली, २०२७-२८. सोबत आकडेही होते: एका चार्जिंगमध्ये साधारण हजार किलोमीटर, आणि जलद चार्जिंगला दहा मिनिटं. तेव्हापासून ही बातमी 'आता पेट्रोल पंप बंद होणार' अशा मथळ्याने व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवते. कधी टोयोटाच्या नावाने, कधी चिनी कंपनीच्या, कधी आपल्याकडच्या कुठल्या स्टार्टअपच्या.

यातलं कुणी खोटं बोलतं असं मला म्हणायचं नाही. प्रयोगशाळेत ते आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. घोळ वेगळाच आहे. बातमीत दोन आकडे छापतात, किती किलोमीटर आणि किती मिनिटं. बॅटरीला मात्र निदान सहा परीक्षा द्याव्या लागतात: वजनाच्या मानाने ऊर्जा किती, ती भरायला वेळ किती, किती वर्षं टिकते, पेटते का, उन्हात-थंडीत कशी वागते आणि पडते केवढ्याला. एका विषयात मार्क वाढवायला गेलं की दुसऱ्यात कमी होतात. दोन विषयांत शंभर पैकी शंभर मिळाल्याचं कुणी सांगितलं, तर उरलेल्या चार विषयांची गुणपत्रिका मागायची, एवढं केलं तरी निम्म्या बातम्यांचा निकाल लागतो.

त्यासाठी बॅटरीच्या आत काय चालतं ते एकदा पाहून घेऊ.

आज गाडीत जो लिथियम-आयन सेल असतो तो म्हणजे पातळ पट्ट्यांची गुंडाळी किंवा चळत. एका बाजूला तांब्याची पट्टी, जेमतेम सहा-आठ मायक्रॉन जाडीची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. या तांब्यावर ग्रॅफाइटचा काळा लेप. समोर ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर दुसऱ्या एका काळ्या भुकटीचा लेप. ही भुकटी लिथियम, लोह आणि फॉस्फेटची असते किंवा लिथियम, निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची. दोन्हींच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. आणि हे सगळं एका द्रवात भिजलेलं. हा द्रव म्हणजे सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार, आणि तो चांगलाच ज्वलनशील असतो.

चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ॲल्युमिनियमच्या बाजूकडून निघतात, द्रवातून आणि पडद्यातून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. गाडी चालवताना तेच आयन परत फिरतात, आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने मोटरमधून जातात. लिथियम खर्च होत नाही, नुसतं येजा करतं.

आता ग्रॅफाइटकडे नीट पाहा. ते स्वतः काही साठवत नाही, लिथियमला फक्त राहायला जागा देतं. लिथियमचा एक अणू ठेवायला कार्बनचे सहा लागतात. एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ मिलिॲम्पिअर-तास एवढा विद्युतभार मावतो. ग्रॅफाइट काढून टाकून लिथियम धातूच ठेवला तर हाच आकडा ३,८६० होतो. दहापट! 'हजार किलोमीटर'च्या बहुतेक स्वप्नांचं मूळ या दहापटीत आहे.

पण हे कुणाला आज सुचलेलं नाही. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात एक्सॉन कंपनीत बनवलेली पहिली पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी लिथियम धातूचीच होती. अडचण अशी की चार्जिंग करताना धातू सपाट बसत नाही, त्याला केसांसारखे काटे फुटतात. काटा वाढत वाढत पडदा फोडून पलीकडे टेकला की आतल्या आत शॉर्टसर्किट, आणि भोवती ज्वलनशील द्रव. कॅनडाच्या मोली एनर्जी या कंपनीच्या अशा बॅटऱ्या १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये पेटल्या आणि परत मागवाव्या लागल्या. मग अकिरा योशिनो यांनी वापरलेला कार्बनचा मार्ग सगळ्यांनी धरला. जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये शोधलेला कोबाल्ट ऑक्साइड एका बाजूला, कार्बन दुसऱ्या बाजूला. सोनीने १९९१ मध्ये ती बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. म्हणजे ग्रॅफाइट ही मुळात सुरक्षिततेसाठी घेतलेली माघार होती, आणि गेली तीस-पस्तीस वर्षं आपण त्या माघारीवरच आरामात जगतो आहोत.

सॉलिड-स्टेट ही त्या माघारीतून पुन्हा चाल करून जाण्याची खटपट. द्रव आणि पडदा दोन्ही काढायचे, त्यांच्या जागी एक घन थर ठेवायचा. आयन त्यातून जायला हवेत, काटे मात्र नकोत. बातम्या 'द्रव नाही म्हणून आग नाही' एवढ्यावर थांबतात. खरा फायदा पुढचा आहे: असा थर सापडला तर लिथियम धातू परत आणता येईल. नुसता द्रव काढून ग्रॅफाइट तसंच ठेवलं, तर रेंजमध्ये फारसा फरक पडत नाही. तेव्हा 'सॉलिड-स्टेट' हे शब्द दिसले की पहिला प्रश्न विचारावा: पलीकडे ग्रॅफाइट आहे, सिलिकॉन आहे की लिथियम धातू?

घन पदार्थातून आयन कसे वाहणार, ही शंका रास्त आहे. कितीतरी वर्षं तीच मुख्य अडचण होती. २०११ मध्ये टोकियोमध्ये र्योजी कान्नो यांच्या गटाने गंधकयुक्त एक घन पदार्थ बनवला. त्यातून लिथियम आयन साध्या तापमानाला जवळजवळ द्रवाइतक्याच सहज धावत होते. तेव्हापासून या क्षेत्रात पैसा ओतला गेला. टोयोटाचा मार्गही गंधकाचाच, आणि त्यासाठी तिने २०२३ मध्ये इदेमित्सु या जपानी तेल कंपनीशी हात मिळवले.

मग अडलं कुठे?

एक तर हा गंधकयुक्त पदार्थ दमट हवेत टिकत नाही. हवेतल्या बाष्पाशी त्याचा संयोग होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. साधे लिथियम-आयन सेलही अतिशय कोरड्या हवेच्या दालनात बनवावे लागतात. इथे तो कोरडेपणा आणखी कडक लागतो. मुंबईच्या जुलैमध्ये असं दालन कोरडं ठेवायचं वीजबिल काय येईल, कुणी मांडून बघावं.

दुसरं, द्रवाचा एक गुण आपण गृहीत धरतो. तो फटीत शिरतो. लेप थोडा फुगला, आकसला तरी द्रव जागा भरून काढतो. दोन घन पृष्ठभाग मात्र एकमेकांना टेकून राहायला हवेत, आणि लिथियम धातूचा थर तर प्रत्येक चार्जिंगला वाढतो आणि प्रत्येक प्रवासात झिजतो. मध्ये सूक्ष्म पोकळी झाली की तिथला संपर्क तुटतो. म्हणून प्रयोगशाळेत असे सेल पोलादी चिमट्यात दाबून तपासतात. दाब कित्येकदा वातावरणाच्या पन्नासपट किंवा त्याहून जास्त असतो. शोधनिबंधातला टिकाऊपणाचा आलेख त्या दाबाखालचा असतो. गाडीत तेवढा दाब द्यायचा तर पोलादी सांगाडा आला, सांगाड्याचं वजन आलं, आणि वाचवलेलं वजन तिथे गेलं.

तिसरं, काटे. चिनी मातीसारख्या कडक थरातून मऊ लिथियम कसा घुसेल, असं वाटतं. पण तो थरातल्या बारीक भेगेत शिरतो आणि तीच भेग रुंदावत जातो.

आणि सॉलिड-स्टेट म्हणजे आग अशक्य, हेही पुरतं खरं नाही. याचा रस्त्यावरचा दाखला पॅरिसमध्ये आहे. फ्रान्सच्या बोलोरे समूहाच्या गाड्या पॅरिसच्या 'ऑटोलिब' सेवेत २०११ पासून धावत होत्या. त्यांची बॅटरी लिथियम धातूची आणि घन पॉलिमरची, म्हणजे नव्या स्वप्नाची जवळची नातेवाईकच. तो पॉलिमर गरम ठेवावा लागायचा, त्यामुळे उभी गाडीही प्लगला लावून ठेवायची. ती सेवा २०१८ मध्ये बंद पडली. याच जातीच्या बॅटऱ्यांच्या दोन बस २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये जळाल्या आणि १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढाव्या लागल्या. लिथियम धातू १८० अंशांना वितळतो. वितळलेला लिथियम हे गरीब प्रकरण नव्हे.

एवढं सगळं सोडवलं तरी कारखाना उरतो. समजा एका गाडीत शंभर सेल आहेत आणि हजारात एकच सेल सदोष निघतो. ऐकायला उत्तम वाटतं. पण हिशेब करा: जवळजवळ प्रत्येक दहाव्या गाडीत एक सदोष सेल बसेल. हजारातला एक पुरत नाही, दहा लाखांत एखादा हा हिशेब हवा, तोही वीसेक मायक्रॉन जाडीच्या थराचे चौरस किलोमीटरच्या मापात ताव काढताना. प्रयोगशाळेतला नमुना बहुधा शर्टाच्या बटणाएवढा असतो. बटण ते गाडी या वाटेवर पैसा आणि वर्षं जातात, आणि बातमी मात्र बटणाची असते.

या वाटेवर मोठमोठे थकले. व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसनने २०१५ मध्ये सॅक्टी-थ्री ही सॉलिड-स्टेट कंपनी नऊ कोटी डॉलरना घेतली. २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाडीचा बेतच गुंडाळला. फिस्कर या अमेरिकी मोटार कंपनीने एका मिनिटात चार्ज होणाऱ्या बॅटरीची घोषणा केली, २०२१ मध्ये तो नाद सोडल्याचं सांगितलं, आणि २०२४ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतली क्वांटमस्केप २०१० पासून झटते आहे. शेअर बाजारात आल्यावर २०२० च्या डिसेंबरमध्ये काही काळ तिचं बाजारमूल्य फोर्डपेक्षा जास्त होतं, तेव्हा विकायला एकही सेल नव्हता. तिचे सेल वाहनात बसून लोकांसमोर आले ते २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, म्युनिकच्या प्रदर्शनात, आणि तेही डुकाटीच्या शर्यतीच्या मोटरसायकलवर. मला ही प्रगती खरी वाटते. फक्त ती पंधरा वर्षांची आहे, हे लक्षात ठेवावं.

चीनमध्ये मधला मार्ग काढला: थोडा द्रव ठेवायचा, बाकी घन. त्याला अर्ध-घन म्हणतात. निओ कंपनीचे प्रमुख विल्यम ली यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये अशा १५० किलोवॅट-तासाच्या बॅटरीवर एका चार्जिंगमध्ये १,०४४ किलोमीटर गाडी चालवून दाखवली, सगळं थेट प्रक्षेपणात. म्हणजे हजार किलोमीटर झाले की! झाले. पण त्या एका बॅटरीची किंमत कंपनीच्याच एका छोट्या गाडीएवढी असल्याचं कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, म्हणून ती भाड्याने द्यायचं ठरलं. आणखी एक गंमत. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. १५० युनिटांची बॅटरी घरच्या १५ ॲम्पिअरच्या प्लगवर, ३.३ किलोवॅटने भरायला पंचेचाळीस तास लागतील. शुक्रवारी रात्री लावली तर रविवारी संध्याकाळी निघायचं.

आता ज्या तंत्रज्ञानाची बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही, त्याच्याकडे येतो.

१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात याच गुडइनफ यांच्या गटाने लिथियम-लोह-फॉस्फेटवर एक शोधनिबंध छापला. त्यावरची तीन नावं म्हणजे पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. लोह आणि फॉस्फेट दोन्ही स्वस्त. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध इतका घट्ट, की तापल्यावरही हा पदार्थ सहजी ऑक्सिजन सोडत नाही. निकेलवाले सोडतात, आणि आतूनच ऑक्सिजन मिळालेली आग विझवणं फार कठीण. पण लोह-फॉस्फेटमधून वीज नीट वाहत नव्हती आणि निकेलच्या मानाने ऊर्जा कमी मावत होती. त्यामुळे बरीच वर्षं ते बसच्या आणि स्वस्त गाड्यांच्या कामाचं, असं समजलं जाई.

मग काय झालं, तर कणांचा आकार बारीक केला, त्यांच्यावर कार्बनचा लेप चढवला आणि खोके बदलले. आधी सेल छोट्या पेट्यांत, पेट्या मोठ्या पेटीत, अशी रचना असे. बीवायडी या चिनी कंपनीने २०२० मध्ये लांबट, पात्यासारखे सेल काढले आणि मधल्या पेट्या काढून टाकून ते सरळ बॅटरीच्या खोक्यात ओळीने लावले. सेलचं रसायन तेच, पण त्याच जागेत जास्त सेल बसले. याला शोध म्हणायलाही लोक कचरतील. तरी आज जगातल्या विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत निम्म्याच्या आसपास वाटा लोह-फॉस्फेटचा आहे. आपल्याकडची रांजणगावची नेक्सॉन ईव्ही असो की चाकणची महिंद्रा बीई सिक्स, दोन्हींच्या पोटात लोह-फॉस्फेटच. किमतीचं म्हणाल तर ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाविषयक अभ्यास संस्थेच्या पाहणीनुसार बॅटरीचा सरासरी भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. ही घसरण कुठल्या एका क्रांतीने झाली नाही, कारखान्यातल्या हजार बारीकसारीक सुधारणांनी झाली.

नव्या तंत्रज्ञानाची खरी पंचाईत इथे आहे. त्याला २०१५ च्या बॅटरीशी स्पर्धा करायची नाही. ते ज्या वर्षी बाजारात येईल त्या वर्षीच्या लोह-फॉस्फेटशी करायची आहे, आणि ते थांबायला तयार नाही.

सोडियमचं तेच झालं. सोडियम-आयन बॅटरीचं काम लिथियमसारखंच चालतं, फक्त येजा करणारा आयन मोठा आणि जड. म्हणून त्याच वजनात ऊर्जा कमी. कॅटल या चिनी कंपनीचा २०२१ चा सेल किलोमागे १६० वॅट-तासांचा होता, २०२५ चा १७५ चा. म्हणजे लोह-फॉस्फेटच्या जवळ आला. फायदे खरे आहेत: कडाक्याच्या थंडीत चांगलं काम, तांब्याऐवजी दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं, आणि सेल पूर्ण रिकामा करून ने-आण करता येते. पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या संशोधकांबरोबर काम करून २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. रिलायन्सने ब्रिटनमधली फॅराडियन कंपनी दहा कोटी पौंडांना घ्यायचं त्याआधीच ठरवलं होतं.

'मिठावर चालणारी गाडी' म्हणून याचं कौतुक होतं, आणि वसई-उरणच्या मिठागरांना आता सोन्याचा भाव येणार अशी स्वप्नंही कुणी पाहिली असतील. हिशेब जरा वेगळा आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत युनिटमागे ढोबळमानाने अर्धा-पाऊण किलो लिथियम कार्बोनेट लागतं. ४५ युनिटांच्या बॅटरीला पंचवीस-तीस किलो धरा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये त्याचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात गेला होता, म्हणजे एका गाडीत नुसतं लिथियमच दोनेक लाख रुपयांचं. तेव्हा सोडियमला सोन्याचे दिवस दिसत होते. २०२३ संपेपर्यंत भाव लाख युआनच्या आसपास उतरला आणि तेच लिथियम तीस-पस्तीस हजारांवर आलं. मीठ फुकट मिळालं तरी वाचणार ते एवढेच, आणि ऊर्जा कमी म्हणून सेल जास्त लागणार ते वेगळंच. अमेरिकेतली नॅट्रॉन ही सोडियम कंपनी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली. तरीही मी सोडियमला मोडीत काढणार नाही. रिक्षा, स्कूटर, सौर ऊर्जेची साठवण, इथे दोन-चार किलो वजन वाढल्याने बिघडत नाही, आणि लिथियमचा भाव पुन्हा चढणारच नाही याची हमी कुणी देत नाही.

ॲल्युमिनियम-एअरचं, म्हणजे ॲल्युमिनियम आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणाऱ्या बॅटरीचं, एका परिच्छेदात आटोपतो. इंडियन ऑइलने इस्रायलच्या फिनर्जी कंपनीत पैसे घातले तेव्हापासून तीही अधूनमधून बातमीत असते. हजार किलोमीटर शक्य आहेत, पण ती प्लगला लावून चार्ज होत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वापरून संपतात, त्या बदलाव्या लागतात आणि उरलेल्या पदार्थाचं पुन्हा भट्टीत ॲल्युमिनियम करावं लागतं, त्याला भरपूर वीज लागते. ती बॅटरी म्हणण्यापेक्षा इंधन म्हणावं.

राहिला प्रश्न मिनिटांचा. जलद चार्जिंगला काय अडवतं? गर्दीच्या दिवसांत एसटी फलाटाला लागते तेव्हा आत सीटा असतात, दार मात्र एकच. माणसं एकामागून एक चढली तर बसायला मिळतं. सगळी एकदम घुसली की दारात कोंडी होऊन काही पायरीवरच लटकतात. वेगाने चार्ज करताना ग्रॅफाइटमध्ये शिरायला वाव न मिळालेले आयन असेच पृष्ठभागावर अडकतात आणि तिथेच धातू होऊन साचतात. तेच काटे, तीच भीती. म्हणून ऐंशी टक्क्यांनंतर चार्जर वेग कमी करतो. यावर चिनी कंपन्यांनी चांगली मजल मारली आहे. बीवायडीने २०२५ च्या मार्चमध्ये हजार किलोवॅटचं चार्जिंग दाखवलं, पाच मिनिटांत चारशे किलोमीटर. बॅटरी लोह-फॉस्फेटचीच होती, हे विशेष.

पण बॅटरी तयार झाली म्हणून वीज तयार होत नाही. ७५ युनिटांची बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायची तर साडेबावन्न युनिटं हवीत. पाच मिनिटांत हवीत तर लागणारी शक्ती होते ६३० किलोवॅट. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर अख्ख्या गृहसंकुलाला पुरतो. एका गाडीला तेवढा लागणार, आणि हायवेच्या फूड मॉलवर रविवारी संध्याकाळी रांगेत सहा गाड्या असणार. बीवायडीची केंद्रंसुद्धा म्हणूनच आवारात वेगळ्या साठवणीच्या बॅटऱ्या ठेवतात. आपल्याकडे ६० किलोवॅटचा चार्जर चालू स्थितीत आणि मोकळा मिळाला तरी लोक खूश होतात. त्याच्यावर पाच मिनिटांची बॅटरी आणून लावली तरी ती पाऊण-एक तासच घेईल.

हवामानाचंही पाहायला हवं. परदेशातल्या बातम्यांत उणे वीस अंशांतल्या कामगिरीचं मोठं कौतुक असतं. तिथे ते योग्यच. लेह-लडाखलाही ते कामाचं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. उष्णतेत सेलमधल्या नको त्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, आणि बॅटरी नुसती उभ्या उभ्या म्हातारी होते. तिथे सोडियमच्या थंडीतल्या गुणांपेक्षा बॅटरी गार ठेवणारी द्रवाची व्यवस्था चांगली आहे का, आणि गाडी सावलीत उभी राहते का, हे जास्त महत्त्वाचं. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह अनेक ठिकाणी स्कूटर पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. एका सेलला लागलेली आग शेजारच्या सेलपर्यंत कशी पसरते, हेही आता तपासतात.

टिकाऊपणाच्या आकड्यांनी मात्र फार भारावू नये. 'दहा हजार वेळा चार्ज होते' असं कुणी सांगितलं, तर गाडी एका चार्जिंगला तीनशे किलोमीटर जाते असं धरून गुणाकार करा: तीस लाख किलोमीटर. घरची गाडी एवढी कुणाची चालते? हजार वेळा जरी धरलं तरी तीन लाख किलोमीटर होतात, आणि लोह-फॉस्फेट त्याहून जास्त टिकतं. टॅक्सी, बस आणि वीज साठवणाऱ्या केंद्रांसाठी तो आकडा कामाचा, तुमच्या-माझ्या गाडीसाठी नाही.

रेंजचे आकडे आजच्या गाड्यांचेही सावधपणे वाचावे लागतात. पुण्यात ज्या टेकडीवर लोक सकाळी फिरायला जातात, तिला आपलं नाव देऊन बसलेली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था गाड्यांची रेंज प्रमाणित करते. ४५ युनिटांच्या नेक्सॉनची एमआयडीसी रेंज ४८९ किलोमीटर (ही एमआयडीसी औद्योगिक वसाहतीची नव्हे, चाचणीच्या ठरावीक वेगचक्राची). प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७० मिळतील असं टाटा मोटर्स स्वतःच सांगते. नव्या बॅटरीच्या हजार किलोमीटरनाही हीच कात्री लावून बघावी.

आणि सेल येतात कुठून? सरकारने २०२१ मध्ये सेल देशात बनवण्यासाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, लक्ष्य होतं ५० गिगावॅट-तासांचं. आजही आपल्या गाड्यांतले बहुतेक सेल बाहेरून येतात, मुख्यतः चीनमधून. २०२५ च्या जुलैमध्ये चीनने लोह-फॉस्फेटची ती काळी भुकटी बनवण्याचं तंत्रज्ञान देशाबाहेर द्यायला परवाना सक्तीचा केला. ज्याला आपण जुनं, कंटाळवाणं तंत्रज्ञान समजतो, ते चीनला कुलूपबंद ठेवावंसं वाटतं. मला या सगळ्या प्रकरणातली हीच सर्वांत बोलकी बातमी वाटते, आणि ती व्हॉट्सॲपवर कुणी पाठवली नाही.

गाडी घ्यायच्या बेतात असलेले लोक विचारतात, नवी बॅटरी येतेय तर थांबू का? रोज ठाणे ते अंधेरी किंवा हडपसर ते हिंजवडी एवढीच धाव असेल आणि पार्किंगमध्ये प्लग असेल, तर थांबून काही हाती लागणार नाही. सॉलिड-स्टेट आधी महागड्या गाड्यांतच येईल. दर आठवड्याला समृद्धीने मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर गाठायचे असतील, तर दोन-तीन वर्षं थांबण्यात किंवा हायब्रिड घेण्यात अर्थ आहे. आणि ज्यांच्या इमारतीत पार्किंगपर्यंत वायरच येत नाही, त्यांनी बॅटरीच्या बातम्या बाजूला ठेवून सोसायटीच्या पुढच्या सभेचा अजेंडा पाहावा. मीटर वेगळा घ्यायचा की सामाईक, इमारतीचा मंजूर वीजभार पुरतो का, वायर तळमजल्यावरून न्यायची की खांबावरून, खर्च कुणी करायचा, आणि पाहुण्यांच्या जागेवर चार्जर बसवायला चिटणीसांची हरकत आहे का.